बॅगेवरचं हळद-कुंकू

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला हळद-कुंकू लागल्याशिवाय कुणी वापरत नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा लागलं, ट्रॅक्टर विकून गाडी घेतली तेव्हाही लागलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गच्चीवरची पाण्याची टाकी, वायफायचा डबा, कुणीही सुटलेलं नाही. हा सगळा कारभार बायकोचा. ताटात हळद, कुंकू, चार अक्षता आणि निरांजन घेऊन यायचं, बोट ओलं करून ऐसपैस स्वस्तिक काढायचं, मग मी नारळ फोडायचा आणि खोबरं सगळ्या मजल्यांवर वाटायचं. आमचे भाडेकरू आयटीतले, कुठकुठल्या प्रांतातले. पण नवी स्कूटर घेतली की तेही आधी आमच्या दारात आणून उभी करतात. आंटी पूजा करतात, ते फोटो काढून आपापल्या आयांना पाठवतात. एक पोरगा तर नवा फोन घेऊन आला होता, त्याच्या कव्हरला कुंकू लावून घेऊन गेला. सांगायचं काय, तर बायकोच्या हळद-कुंकवाला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.

आम्ही हिंजवडीला लागून असलेल्या माण गावचे. आमची भाताची खाचरं होती तिथं आता आयटी पार्क आहे, आणि मी खोल्या भाड्यानं देतो. लोकांना वाटतं हा बसून खातो. म्हणावं, या चार दिवस आणि बसून खाऊन दाखवा. सकाळी एकाचा नळ गळतो, दुपारी दुसऱ्याचा गिझर जळतो, संध्याकाळी तिसऱ्याची किल्ली हरवते. भात लावताना निदान वाकलो की काम दिसायचं.

मुलगी एकुलती एक. ती वकील झाली. आमच्या भावकीत कोर्टाची पायरी चढलेले पुष्कळ आहेत, पण ते सगळे बांधाच्या भांडणात पक्षकार म्हणून. काळा कोट घालून चढणारी हीच पहिली. सनद मिळाली तेव्हा मी गावजेवणाच्या तयारीला लागलो होतो, तिनंच हातापाया पडून थांबवलं.

बाणेरला एका काचेच्या इमारतीत वकिलांची मोठी फर्म आहे, तिथं ती लागली. तिथं कोर्टात उभं राहायचं काम कमी. जमिनीचे कागद तपासायचे, करार लिहायचे आणि मिटिंगा घ्यायच्या. एक वर्ष बघू, मग ठरवू, अशा बोलीवर घेतलं होतं. तिच्याबरोबर आणखी एक मुलगी लागली होती. तिचे वडील वकील, आजोबाही वकील. दोघींच्या वर एक मॅडम. वर्ष संपलं की या मॅडम दोघींपैकी एकीला आपल्या हाताखाली घेणार होत्या, म्हणजे क्लायंटसमोर बसून बोलायचं काम तिला मिळणार होतं. आमच्या पोरीला तेच पाहिजे होतं. लहानपणी भाजीवाल्याशी भांडायलासुद्धा आईला मागं सारून स्वतः पुढं व्हायची. बोलण्याचंच काम मिळावं म्हणून तर ती वकील झाली.

एकदा जेवताना तिनं ताट सरकवलं. म्हणाली, "आज पण मिटिंगला तिलाच नेलं."

मी म्हटलं, "का? तुला येत न्हाई का?"

"सगळे कागद मी काढले पप्पा. नोट मी लिहिली. आणि आत जाऊन बसली ती."

बायको म्हणाली, "आसं का पण?"

"असं का म्हणजे काय, आई? बघ की माझ्याकडं. तिची बॅग बघ, शूज बघ, घड्याळ बघ. येणारी माणसं आधी तेच बघतात. मॅडम तोंडानं काही बोलत नाहीत, पण कुणाला आत न्यायचं ते त्यांना बरोबर कळतं. मी आपली कॉलेजची काळी सॅक पाठीवर टाकून जाते, कुरिअरवाल्यासारखी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वकिलाचं डोकं बघायचं का पिशवी?" असं मी जोरात म्हटलं. म्हटलं खरं, पण माझं मलाच ते पटेना. कारण जमिनीच्या व्यवहाराच्या वेळी मी स्वतः एका वकिलाकडं चपला घालून, टोपी घालून गेलो होतो, तर त्याच्या माणसानं मला बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं. पुढं जमीन गेली, पैसा आला, आणि माण-हिंजवडीत सगळ्यांनी केलं तेच मीही केलं. हातात ब्रेसलेट आलं, गळ्यात साखळी आली, डोळ्यांवर भारीतला गॉगल आला. मग त्याच वकिलाकडं गेलो तर साहेब दारापर्यंत आले, चहा आला, बिस्किटं आली. माणूस तोच, सातबारा तोच. पुण्यातली शहाणी माणसं पाठीमागं आम्हाला गुंठामंत्री म्हणून हसायची, अजूनही हसतात. हसू देत. पण टोपीला बाकडं मिळतं आणि ब्रेसलेटला खुर्ची मिळते, हे मी स्वतः बघितलेलं आहे. मग पोरीला कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, असल्या गोष्टींनी काही होत नाही?

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "कामाला गेलीया का लग्नाला? काम चांगलं आसलं म्हंजी बास की." मी म्हटलं, "तुला न्हाई कळायचं." यावर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही.

तर बॅग घ्यायचं मी ठरवलं. पोरीला न सांगता. आता बायकांच्या बॅगेतलं मला काय कळतंय? तिसऱ्या मजल्यावर नागपूरची एक पोरगी भाड्यानं राहते, गुणी पोरगी, वेळेवर कचरा खाली आणते. तिला घेऊन मॉलमध्ये गेलो. मला वाटलं होतं दुकानवाले नाक मुरडतील. अहो कसलं काय! विकणाऱ्या पोरानं माझ्या ब्रेसलेटकडं बघितलं आणि विचारलं, "सर, हिंजवडी साइड?" मी म्हटलं, "माण." लगेच कॉफी आली. आमच्यासारखे बरेच येऊन गेले असणार.

मी एक झकास काळी बॅग धरली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव होतं, चांगलं वितभर. नागपूरकरीण म्हणाली, "नाही काकाजी, ती नका घेऊ. नाव एवढं मोठं असलं की हसतात लोकं."

"अगं, नाव दिसलं न्हाई तर कळणार कसं?"

"ज्याला कळायचं त्याला कळते."

शेवटी तिनं एक घेतली, सायीच्या रंगाची, साधी, सरळ. वरती काही म्हणता काही नाही. नाव होतं ते आत, अस्तराला, तेही मुंगीएवढं. एवढा खर्च करायचा आणि नाव लपवून ठेवायचं, हे मला आजही झेपलेलं नाही. किंमत मी घरात कुणाला सांगितली नाही आणि इथंही सांगणार नाही, माझी मलाच ती आठवायला नको.

बॅग घरी आणून मी बायकोच्या हातात दिली. म्हटलं, "कपाटात ठेव, उद्या सकाळी पोरीला दाखवू." एवढं बोलून मी पंप बघायला गच्चीवर गेलो. इथंच सगळं झालं. तिला मी बाकी काही सांगायला पाहिजे होतं, असं मला वाटलंच नाही. आणि सांगणार तरी काय? नव्या वस्तूला काय करायचं हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही.

सकाळी पोरगी आंघोळ करून आली तेव्हा पाटावर बॅग होती, पुढं रांगोळी, बाजूला निरांजन. आणि बॅगेच्या झाकणावर मधोमध हळदीचं ओलं स्वस्तिक, त्याच्या चारी घरांत कुंकवाचे टिपके आणि खाली पाच बोटं, आम्ही गाडीच्या बॉनेटला ओढतो तशी. बायको अगदी खुशीत होती. "बघ बाई, पप्पांनी काय आणलंय तुला," असं म्हणाली. मी नारळ हातात घेऊन उभा.

पोरीनं आधी बॅग ओळखली. तिचे डोळे एवढे मोठे झाले. मग तिनं स्वस्तिक बघितलं. तिच्या तोंडून फक्त "आई..." एवढंच निघालं. मग ती खाली बसली, ओढणीच्या टोकानं हलकेच पुसायला लागली, आणि हळद आणखी पसरली.

बायको म्हणाली, "अगं, पुसतीस कशाला? पुसत्यात का कुठं?"

"आई, हे लेदर आहे. हे जात नाही."

"न्हाई कसं जात? आण हिकडं."

आणि मी नारळ खाली ठेवून थांबवायच्या आत तिनं भांडी घासायचा साबण लावला. हळदीला साबण लागला की काय होतं हे घरोघरी माहीत आहे. पिवळं होतं ते लालभडक झालं. मग वाळल्यावर तपकिरी झालं. कुंकवाचा गुलाबी पट्टा पार शिवणीपर्यंत गेला. तळहाताएवढा डाग पडला. बायको घासायची थांबली. तिनं आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघितलं आणि तिला कळलं. ती ताट उचलून आत गेली. मी ते खोबरं कुणाला वाटलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, बॅगेचं नाही, तिच्या तोंडाचं. पण असं तोंडावर बोलायची आमची पद्धत नाही. मी आपलं दुकानदाराला शिव्या घातल्या, की असला रंग विकतातच कशाला.

पोरगी उठली. सॅकमधले कागद काढून तिनं बॅगेत भरले, डाग अंगाकडं येईल अशी बॅग खांद्याला लावली आणि आरशात बघितलं. मग आत जाऊन आईला म्हणाली, "बघ, दिसत पण नाही. मस्त आहे बॅग." आणि गेली कामाला.

तेव्हापासून बायकोचा एक नियम झाला. पोरगी संध्याकाळी घरी आली की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "कुणी काय म्हणलं का गं?" पोरगी म्हणायची, "कोण काय म्हणणार? कुणाचं लक्षपण नसतं." मग बायको चहा टाकायची. सकाळी पोरगी निघाली की ही गॅलरीत उभी राहायची, बॅग खांद्यावर आहे ना ते बघायला. मला म्हणायची, "वापरतीया म्हंजी दिसत नसंल. व्हय ना?" मी म्हणायचो, "व्हय." मध्येच एकदा म्हणाली, "पोरीची नोकरी माझ्यापायी जायची बघा." मी ओरडलो, "गप बस, कायबी बोलू नगंस." पण तिच्या मनातनं ते जाईना.

मग एक दिवस दुसऱ्या मजल्यासाठी नवा गिझर आला. मी खोक्यातून काढला आणि सवयीनं हाक मारली. ती आतनं म्हणाली, "बसवून टाका." मी म्हटलं, "अगं, ताट आण की." ती म्हणाली, "कशाला? बाथरूमात कोण बघतंय?" प्लंबर माझ्याकडं बघायला लागला, कारण तोही आमच्याकडं बरीच वर्षं येतो, त्यालाही खोबऱ्याची सवय. तो गिझर तसाच भिंतीवर गेला. त्यानंतर पहिल्या मजल्यावरच्या पोरानं मोटारसायकल आणली, तर आंटींच्या गुडघ्याला कळ आली. मला चांगलं माहीत होतं, गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. घरातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं होतं आणि मला त्याचा राग यायचा. पण राग काढू कुणावर? बॅगेवर?

वर्ष संपत आलं होतं. एका क्लायंटला कासार आंबोलीत बंगल्यासाठी जागा घ्यायची होती, आणि तिथला जाण्यायेण्याचा रस्ता नेमका कुणाच्या शेतातून जातो यावर घोळ होता. तो बघायला मॅडम स्वतः येणार होत्या, दोन्ही पोरींना घेऊन. गावातल्या लोकांशी बोलायला आमचीच लागणार, हे उघड होतं. मी म्हटलं, मी सोडतो, तिकडं माझी ओळख आहे. घोटावड्यावरून आम्ही लवकर पोचलो. मॅडम पौड रोडनं आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी चकचकीत बाई असेल. तर साधी सुती साडी, पायात बूट, केस पांढरे. हातात बॅग नाहीच, ती मागून ड्रायव्हरनं आणली. दुसरी पोरगी बिचारी गवतातून बॅग वर धरून चालत होती. तशी ती वाईट नव्हती, मला नमस्कार केला, आमच्या पोरीला गाडीतून पाण्याची बाटली आणून दिली.

शेजारच्या शेताचे म्हातारे मालक आले. आमच्या पोरीनं सुरुवात केली, "बाबा, हितनं गाडीवाट व्हती का आधी?" म्हातारा म्हणाला, "तू कुणाची गं?" तिनं सांगितलं. झालं, म्हातारा तिला बांधाबांधानं घेऊनच गेला. कुठं वाट होती, कुणी अडवली, कधी अडवली, सगळं सांगत. दुसरी पोरगी मागं वही घेऊन. मी आणि मॅडम आंब्याखाली उभे राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे हो. पण फार हट्टी."

मी म्हटलं, "आईवर गेलीय."

"एक सांगू का? रागावू नका. त्या बॅगेचं मी तिला दोनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही."

मी म्हटलं, "काय सांगितलं?"

"की ती घरी ठेव. डाग पडलेली बॅग क्लायंटसमोर नको. त्यांना वाटतं, ही मुलगी निष्काळजी आहे. आपले कागद हिच्या हातात द्यायचे कसे?"

आता माझा तोंडावर ताबा कधी नव्हताच. मी विचारलं, "म्हणजे मॅडम, खरं सांगा, असली भारीतली बॅग असल्याशिवाय तुमच्यात पोरीला बसवून घेत नाहीत का? तसं असंल तर मी दुसरी आणतो, आज आणतो."

त्या हसल्या नाहीत. जरा विचार केला. म्हणाल्या, "नाही लागत, असं मी म्हटलं तर खोटं होईल. आमच्यात कुणी तोंडानं विचारत नाही, पण बघतात सगळे. मीही बघते, सवय लागते. पण बॅग लागतेच असंही नाही. मी तिला म्हटलं होतं, तुझी ती जुनी काळी सॅक आण, ती स्वच्छ होती, चालत होती. तीही आणायला तयार नाही. का, ते सांगत नाही. तुम्ही विचारून बघा."

मला विचारायची गरज नव्हती. सॅक घरी दाराच्या मागं खुंटीला टांगलेली होती. ती सॅक खुंटीवरून गेली आणि बॅग घरी राहिली, तर सकाळी गॅलरीत उभ्या असलेल्या बाईला काय दिसेल, ते मला त्या आंब्याखाली उभ्या उभ्या कळलं. मॅडमना काय सांगणार? मी म्हटलं, "हट्टी आहे खरी," आणि बांधाकडं बघत राहिलो.

परत येताना गाडीत मी विचारलं, "मॅडम म्हणाल्या ती सॅक का न्हाई नेत?"

ती बाहेर बघत होती. "सांगितलं त्यांनी तुम्हाला?"

"व्हय."

"घरी ठेवली तर आईला कळंल पप्पा. रोज बघत असते ती."

"आगं, पण तुझी नोकरी..."

"मला माहितीये. मी पण रडलेय त्यावरनं ऑफिसात, काय वाटलं तुम्हाला? दोनदा वाटलं, गेटच्या बाहेर बदलावी. सॅक गाडीच्या डिकीत ठेवावी, म्हणजे घरी एक आणि तिथं एक. पण चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. तिनं पूजा केली होती, काय शेण नव्हतं लावलं."

घोटावड्याला गाडी थांबवून मी दोन चहा सांगितले. ती म्हणाली, "आईला यातलं काही सांगायचं नाही." मी म्हटलं, "न्हाई सांगत." पुढच्या मिटिंगसाठी मी तिला दुसरी बॅग घेऊन द्यायला तयार होतो, तेही तिनं नको म्हटलं. दुसरी आणली तरी आईला तेच कळणार होतं. तेही बरोबरच होतं.

वर्ष संपलं. त्या दिवशी बायकोनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गुरुवार आहे म्हणाली, गुरुवार नव्हता. संध्याकाळी पोरगी आली. बॅग खांद्यावर, आणि हातात आणखी एक काळी, चौकोनी, नवी कोरी.

बायकोनं पाणी आणलं नाही, काही नाही. "काय झालं?" म्हणाली.

"ठेवलं मला. पक्की झाले."

माझा जीव भांड्यात पडला. पण बायको बघत राहिली. "मॅडमच्या हाताखाली?"

पोरगी खाली बसली. बूट काढत म्हणाली, "नाही. तिथं ती गेली. मला कागदांच्या विभागात दिलंय. जमिनीचे जुने दस्त तपासायचे. हुद्दा चांगला आहे, पगार तोच आहे. फक्त आत बसून काम. क्लायंट नाहीत."

हे ती सरळ बोलली. मग म्हणाली, "मला वाईट वाटतंय. मला ते पाहिजे होतं." मी म्हटलं, "मॅडमला मी जाऊन विचारतो," तर म्हणाली, "पप्पा, प्लीज."

बायकोनं विचारलं, "बॅगंमुळं न्हाई ना?"

मला तोंड उघडायची भीती वाटली. बॅगेमुळं झालं का त्या दुसरीच्या आजोबामुळं झालं, का ती खरंच बोलण्यात वरचढ होती, मला आजही सांगता येणार नाही. मॅडमनाही सांगता येईल असं वाटत नाही. पोरगी म्हणाली, "न्हाई गं आई. तिचं इंग्लिश चांगलंय."

बायकोनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं, पण तिनं पटल्यासारखं दाखवलं. या घरात सगळे एकमेकांना तेच दाखवत होते.

मग पोरीनं ती चौकोनी पिशवी उघडली. आत लॅपटॉप होता, चंदेरी, आरशासारखा. म्हणाली, "पक्क्या झालेल्यांना ऑफिसकडून मिळतो." तिनं तो पाटावर ठेवला. पाट कधी आणला होता ते मी बघितलंच नव्हतं. म्हणाली, "आई, ताट आण."

"कसलं?"

"हळद-कुंकवाचं. नवी वस्तू आहे."

बायको दोन पावलं मागं सरली. "नगं बाई. डाग पडतोय."

"पडू दे."

"नगं म्हणते ना. आधीच माझ्यापायी..." आणि तिथंच थांबली.

पोरगी उठली, देवघरातून स्वतः ताट घेऊन आली, पाण्याची वाटी आणली, आणि आईला हाताला धरून पाटासमोर बसवलं. बायकोनं ताट जवळ ओढलं. मग तिनं लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, पालथा केला, करंगळीचं टोक कुंकवात बुडवलं आणि तळाला, पार कोपऱ्यात, रबराच्या पायाशेजारी एक टिपका लावला. मोहरीएवढा. पाची बोटं ओढणारी बाई ती. म्हणाली, "हितं कुणाला दिसायचं न्हाई."

मला ते बघवेना. मी उठलो.

पोरीनं लॅपटॉप सुलटा करून पुन्हा पाटावर ठेवला. आईचा हात धरून हळदीत दाबला, चांगला दाबला. ऑफिसचं मराठी, इंग्लिश सगळं सोडून ती म्हणाली, "वर लाव. आपला न्हाई, त्यांचा हाय. लाव बिनघोर."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघतीस काय? लाव की," आणि नारळ आणायला आत गेलो.